एनआयए बरखास्त झाली तर मालेगावला काय मिळेल?

बेळगावात वाढलेला एक मराठी माणूस अमेरिकेच्या संसदेत जातो आणि तिथल्या केंद्र सरकारची एक अख्खी पोलीस यंत्रणा बंद करा असे विधेयक आणतो, ही बातमी या जानेवारीत आपल्याकडच्या बहुतेक व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली. श्री ठाणेदार हे त्यांचे नाव. जन्म चिकोडीचा, घर साधे, शिकायला अमेरिकेत गेले, उद्योग उभा केला, बुडाला, पुन्हा उभा केला. 'ही श्रीची इच्छा' हे त्यांचे आत्मचरित्र मराठीत आहे आणि ते आपल्याकडे पुष्कळांनी वाचले आहे. सध्या ते मिशिगन राज्यातून निवडून गेलेले खासदार आहेत.

ज्या यंत्रणेवर त्यांचा रोख आहे तिला तिकडे 'आइस' म्हणतात. परदेशी लोकांना शोधणे, पकडणे, कोठडीत ठेवणे आणि देशाबाहेर घालवणे हे तिचे काम. ७ जानेवारीला मिनियापोलिस शहरात तिच्या एका अधिकाऱ्याने गाडीत बसलेल्या एका अमेरिकन महिलेला गोळी घालून ठार केले. त्यानंतर देशभर निदर्शने झाली आणि ठाणेदारांनी आपले विधेयक जाहीर केले. यंत्रणा सुधारण्यापलीकडे गेली आहे, ती मोडूनच काढली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

आपल्यालाही या यंत्रणेची ओळख आहे. मागच्या वर्षी ५ फेब्रुवारीला अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यात १०४ भारतीय होते, हातापायांत बेड्या घातलेले. महाराष्ट्राचेही तिघे होते.

माझ्या भाच्याने ती बातमी पाठवली आणि खाली लिहिले, "मामू, अपने यहाँ भी ऐसा एक बिल आना चाहिए. एनआयए बंद करो." मुलगा अंबडच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, डोके थंड आहे, उगाच काही लिहीत नाही. मालेगाव त्याच्या वडिलांचे गाव. २००८ चा स्फोट झाला तेव्हा तो शाळेत होता. ३१ जुलै २०२५ ला निकाल लागला तेव्हा त्याची स्वतःची मुलगी शाळेत जाऊ लागली होती. त्यामुळे त्याचा राग मला कळतो. पण मी त्याला लगेच 'बरोबर आहे' असे उत्तर दिले नाही. का दिले नाही, ते जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण हा प्रश्न तो एकटा विचारत नाही.

आधी अमेरिकेचेच पाहू. आइस ही काही शंभर वर्षांची जुनी संस्था नाही. ती २००३ मध्ये सुरू झाली. तिच्या आधी हेच काम आयएनएस नावाचे खाते करायचे. ते खाते बदनाम होते, त्याच्या कारभारावर दोन्ही पक्षांचे लोक नाराज होते, आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर संसदेने कायदा करून ते बरखास्त केले. त्याचे तीन तुकडे झाले. त्यातला एक तुकडा म्हणजे आइस. म्हणजे ठाणेदार जी यंत्रणा मोडायला निघाले आहेत, ती एका जुन्या यंत्रणेला मोडूनच तयार झाली आहे. मोडणाऱ्यांनी नवी बांधताना तिचे हात आधीपेक्षा लांब केले. गेल्या वर्षीच्या एकाच कायद्याने तिला जवळपास ७५ अब्ज डॉलर मिळाले. ठाणेदारांचे विधेयक आजच्या तिथल्या संसदेत मंजूर होणार नाही, हे त्यांनाही माहीत असणार. तरी ते आणले, आणि आणल्यामुळे देशभर चर्चा झाली. या मुद्द्याकडे मी शेवटी परत येईन.

आता आपली एनआयए. राष्ट्रीय तपास यंत्रणा. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर अवघ्या पाच आठवड्यांत हा कायदा झाला, ३१ डिसेंबरला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. गृहमंत्री होते पी. चिदंबरम. आपल्या राज्यघटनेत पोलीस हा राज्यांचा विषय आहे. सीबीआयला एखाद्या राज्यात तपास करायचा तर त्या राज्याची संमती लागते. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२० मध्ये ती सरसकट संमती काढून घेतली होती, दोन वर्षांनी सरकार बदलल्यावर परत दिली. एनआयएला असली संमती लागत नाही. केंद्राला वाटले की अमुक प्रकरण एनआयएने घ्यावे, तर केंद्र स्वतःहून तसा आदेश काढू शकते आणि राज्याच्या पोलिसांना हातातले कागद तिच्याकडे द्यावे लागतात.

हे कसे होते ते आपण जानेवारी २०२० मध्ये पाहिले. भीमा कोरेगावचा तपास पुणे पोलिसांकडे होता. राज्यात नवे सरकार आले होते, शरद पवारांनी त्या तपासाची विशेष पथकाकडून फेरतपासणी करा अशी मागणी केली होती, आणि राज्य सरकार कागदपत्रे पाहू लागताच केंद्राने प्रकरण एनआयएकडे नेले. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याला विचारले नाही म्हणून निषेध केला. निषेधाने काही झाले नाही. त्याच महिन्यात छत्तीसगड सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एनआयए कायदाच घटनाबाह्य ठरवा असे मागू लागले. गंमत अशी की छत्तीसगडमध्ये तेव्हा काँग्रेसचे सरकार होते आणि कायदा केला होता काँग्रेसनेच. आपल्या हातात काठी असते तेव्हा ती किती लांब आहे हे कोणी मोजत नाही.

या सगळ्यावरून भाच्याचे म्हणणे बळकट होते असेच वाटेल. पण मालेगावच्या दोन खटल्यांपाशी आलो की गोष्ट इतकी सरळ राहत नाही.

पहिला स्फोट ८ सप्टेंबर २००६ चा. शुक्रवार, शब-ए-बारातचा दिवस. बडा कब्रस्तान, हमीदिया मशीद आणि मुशावरत चौक. जुम्ह्याची नमाज नुकतीच संपलेली, कब्रस्तानात फातिहा वाचायला आलेल्या लोकांची गर्दी, भीक मागायला आलेली मुले. तीसहून जास्त माणसे गेली. मेलेले मुसलमान, आणि काही आठवड्यांत पकडले गेलेलेही मुसलमान. आपल्या राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने, एटीएसने, नऊ जणांना अटक केली. त्यात युनानी डॉक्टर होते. एकजण असा होता की स्फोटाच्या दिवशी तो आधीच पोलिसांच्या कोठडीत होता. दुसरा त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात नमाज पढवत होता, असे गावकरी सांगत होते. कोणी ऐकले नाही. मकोका लागला, कबुलीजबाब घेतले गेले, आरोपपत्र दाखल झाले.

मग प्रकरण सीबीआयकडे गेले. मालेगावने स्वतःच तशी मागणी केली होती. राज्याच्या पोलिसांवर विश्वास नाही, केंद्राची यंत्रणा आणा. सीबीआय आली आणि तिने एटीएसच्याच आरोपपत्रावर शिक्कामोर्तब केले.

डिसेंबर २०१० मध्ये स्वामी असीमानंद यांनी दंडाधिकाऱ्यांपुढे एक जबाब दिला. त्यात या स्फोटामागे वेगळे लोक होते असे म्हटले होते. पुढे त्यांनी तो फिरवला, ते वेगळे. पण त्यामुळे तपासाची दिशा बदलली. एप्रिल २०११ मध्ये प्रकरण एनआयएकडे आले. तिने नव्याने तपास केला, नऊ जणांच्या जामिनाला विरोध केला नाही, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये पाच वर्षांनी त्यातले सात जण घरी आले. उरलेले दोघे मुंबईच्या लोकल स्फोटांच्या खटल्यातही आरोपी होते म्हणून आतच राहिले. २०१३ मध्ये एनआयएने आरोपपत्र दाखल केले ते दुसऱ्याच चौघांवर.

मी त्या नोव्हेंबरातले मालेगाव पाहिले आहे. लोकांनी त्या मुलांना खांद्यावर घेतले होते. आणि लोकांच्या तोंडी एनआयएचे नाव चांगल्या अर्थाने होते. आज हे सांगितले तर तरुणांना खरे वाटत नाही. पण तो केंद्राचा पोलीस होता म्हणूनच राज्याच्या पोलिसाचे खोटे उघडे पडले. एनआयए नसती तर हे नऊ जण एटीएसच्या आणि सीबीआयच्या कागदावर दोषी म्हणून न्यायालयासमोर उभे राहिले असते. मुंबईच्या खटल्याचे काय झाले ते आपण पाहिलेच. तो खटला एटीएसचा होता. १२ जणांना शिक्षा, पाचांना फाशी. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले. तोवर १९ वर्षे झाली होती आणि बारांपैकी एकजण तुरुंगातच वारला होता. मालेगावचे ते दोघे याच बारांत होते. म्हणजे मालेगावच्या खटल्यातून नाव निघाल्यानंतरही त्यांनी नऊ वर्षे आत काढली.

एनआयएची बाजू घेऊन बोलतो आहे असे वाटत असेल तर पुढे वाचा.

दिल्लीत २०१४ मध्ये सरकार बदलले. त्याच नऊ जणांच्या खटल्यातून वगळण्याच्या अर्जाला एप्रिल २०१६ मध्ये त्याच एनआयएने विरोध केला. तोच तपास, तेच कागद, तीच यंत्रणा, आणि भूमिका उलटी. न्यायालयाने तिचे ऐकले नाही. एटीएसने या लोकांना बळीचा बकरा केले असा निष्कर्ष काढून त्यांना मोकळे केले. तोवर एकजण अपघातात गेला होता. उरलेल्या चार आरोपींवर आरोप निश्चित व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला. स्फोटाला तेव्हा १९ वर्षे झाली होती.

दुसरा स्फोट २९ सप्टेंबर २००८ चा, भिक्कू चौकातला. रमजानचे शेवटचे दिवस, रात्रीची वेळ, खरेदीला बाहेर पडलेले लोक. मोटारसायकलवर ठेवलेला बॉम्ब. सहा माणसे गेली, शंभराच्या आसपास जखमी झाली. या वेळी तपास हेमंत करकरे यांच्याकडे होता. तीच एटीएस, जिने दोन वर्षांपूर्वी नऊ निरपराधांना आत घातले होते. पण वर बसलेला अधिकारी वेगळा होता. त्या पथकाने प्रज्ञासिंह ठाकूर, लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित आणि इतरांना अटक केली. पहिल्या आरोपींना आपल्या नाशिकच्याच न्यायालयात आणले होते. महिनाभरात करकरे मुंबईत शहीद झाले.

एप्रिल २०११ मध्ये हाही खटला एनआयएकडे गेला. पुढची गोष्ट उलट्या दिशेने चालते. २०१५ मध्ये विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी जाहीरपणे सांगितले की सरकार बदलल्यापासून आरोपींबाबत नरम राहा असा निरोप एनआयएच्या एका अधिकाऱ्याने आपल्याला दिला. एनआयएने ते नाकारले. मे २०१६ च्या पुरवणी आरोपपत्रात एनआयएने प्रज्ञासिंह यांच्याविरुद्ध पुरावा नाही असे म्हटले आणि मकोका काढला. न्यायालयाने तरीही प्रज्ञासिंह यांना खटल्याला सामोरे जायला लावले. साक्षीदारांच्या जबाबांच्या काही मूळ प्रती न्यायालयाच्या दप्तरातून गहाळ झाल्या. ३२३ साक्षीदार तपासले, त्यातले तीसहून जास्त उलटले. ३१ जुलै २०२५ ला विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले. संशय कितीही असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असे निकालाचे सूत्र होते. मृतांच्या कुटुंबांना दोन लाख आणि जखमींना ५० हजार रुपये द्यावेत असा आदेशही दिला.

या निकालावर आपल्या लोकांत फार काही बोलले गेले. मला त्यातले सगळे पटलेले नाही. ज्या पुराव्यावर नऊ मुसलमानांना दोषी धरणे अन्याय होता, तितक्याच कच्च्या पुराव्यावर सात हिंदूंना दोषी धरा असे आपण म्हणू शकत नाही. एखाद्या समाजाचा राग आला म्हणून न्यायाचे माप बदलू नये, ही शिकवण आपण मशिदीत ऐकतो. ती फक्त दुसऱ्यांसाठी नाही. पण पुरावा कच्चा होता की कच्चा राहू दिला, हा प्रश्न आरोपींना विचारायचा नाही, तपास करणाऱ्यांना विचारायचा आहे. समझौता एक्स्प्रेसच्या खटल्यात पंचकुल्याच्या एनआयए न्यायालयाने २०१९ मध्ये आरोपींना सोडताना हीच खंत लिहून ठेवली होती की उत्तमातला पुरावा न्यायालयासमोर आणलाच गेला नाही. त्या निकालानंतर कोणा अधिकाऱ्याला जाब विचारला गेला का?

म्हणून भाच्याला माझे पहिले उत्तर असे की एनआयए बंद झाली तर हे खटले परत कोणाकडे जातील? एटीएसकडे, ज्यांनी २००६ ची केस रचली. किंवा सीबीआयकडे, ज्यांनी त्यावर सही केली. सीबीआयचीही एक मजा आहे. तिची स्थापनाच कायद्याने नीट झालेली नाही म्हणून गुवाहाटी उच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०१३ ला तिला बेकायदा ठरवले होते. तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि सीबीआयचे काम चालूच राहिले. इतकी मोठी संस्था न्यायालयाच्या एका आदेशाने संपते असे वाटणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

दुसरे उत्तर नाशिकचेच आहे. टाडा कायदा आठवतो का? आज चाळिशीच्या खाली असलेल्यांना आठवणार नाही. १९८५ चा तो कायदा. देशभरात सुमारे ७६ हजार लोकांना त्याखाली पकडले आणि दोन टक्क्यांनाही शिक्षा झाली नाही. इतका आरडाओरडा झाला की १९९५ मध्ये सरकारने त्याची मुदत वाढवली नाही. कायदा मेला. लोकांनी पेढे वाटले. पण त्याखालचे खटले मेले नाहीत. १९९४ मध्ये पकडलेल्या ११ मुसलमानांचा टाडा खटला नाशिकच्या विशेष न्यायालयात चालू राहिला आणि ते निर्दोष सुटले फेब्रुवारी २०१९ मध्ये. कायदा जाऊन २४ वर्षे झाली होती. पुरावा नव्हता आणि टाडाच्याच ज्या अटी पाळायला हव्या होत्या त्या पाळल्या नव्हत्या, असे न्यायालयाने म्हटले. ते कळायला पंचवीस वर्षे लागली. त्या वेळी तरुण असलेली माणसे नातवंडांना घेऊन निकाल ऐकायला आली असतील.

टाडानंतर २००२ मध्ये पोटा आला. २००४ मध्ये नव्या सरकारने तोही रद्द केला, निवडणुकीत तसे वचन दिले होते म्हणून. पण ज्या अध्यादेशांच्या दिवशी पोटा गेला त्याच दिवशी पोटातली बरीच कलमे युएपीएमध्ये येऊन बसली. पोटाला निदान मुदत होती. युएपीएला मुदतच नाही. म्हणजे रद्द करण्याच्या नावाखाली तो कायमचा झाला. आयएनएस गेली आणि आइस आली, तसेच हे. दारावरची पाटी बदलली, आतले टेबल-खुर्ची तीच.

मग काहीच करायचे नाही का? असे म्हणणारा मी नाही. एनआयएच्या बाबतीत मला तीन-चार गोष्टी हव्या आहेत, आणि त्यातली एकही अशक्य नाही.

सगळ्यात आधी नुकसानभरपाई. निर्दोष सुटलेल्या माणसाला या देशात काही मिळत नाही. अक्षरधाम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्यांसह सहा जणांना सोडले, तपासावर कडक ताशेरे मारले. त्यांनी भरपाई मागितली तेव्हा २०१६ मध्ये ती नाकारली गेली, कारण तसा पायंडा पडला तर अडचण होईल. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात नेमका हाच विषय घेतला. चुकीच्या किंवा कपटाने केलेल्या खटल्याचा बळी ठरलेल्यांना भरपाई मिळावी, त्यासाठी विशेष न्यायालये असावीत, दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी, असा कायद्याचा मसुदाच दिला. २०२३ मध्ये फौजदारी कायदे नव्याने लिहिले गेले तेव्हा त्यात या मसुद्याला जागा मिळाली नाही. मालेगावच्या नऊ जणांची पाच वर्षे, मुंबईच्या बारांची एकोणीस, नाशिकच्या अकरांची पंचवीस. याचा हिशेब कोणत्याच खात्यात नाही. अधिकाऱ्याला बढती मिळते, माणसाला घरी जायला रिक्षाचे भाडेही मिळत नाही.

आणि हा फक्त पैशाचा प्रश्न नाही. चुकीच्या अटकेची किंमत सरकारी तिजोरीतून मोजावी लागली, वर अधिकाऱ्याचे नाव त्या आदेशात आले, तर पुढच्या वेळी सही करताना हात थांबेल. सध्या हात थांबण्याचे काही कारणच नाही.

दुसरे म्हणजे सरकारी वकील. एनआयएचा वकील केंद्र सरकार नेमते, म्हणजे ज्या गृहखात्याच्या हाताखाली तपास चालतो त्याच सरकारच्या मर्जीवर वकीलही. रोहिणी सालियन यांच्यासारखी बाई उघड बोलली, सगळ्यांत ती हिंमत नसते. वकिलाची नेमणूक आणि त्याला काढणे उच्च न्यायालयाच्या संमतीशिवाय होऊ नये.

माहितीचा अधिकार हा तिसरा मुद्दा. २०११ मध्ये एनआयएला त्यातून वगळले. गुप्त तपास गुप्त राहावा हे मान्य. पण संपलेल्या खटल्यात किती दिवस गेले, किती आरोपी सुटले, आधीची भूमिका का बदलली, हे संसदेसमोर दरवर्षी का येऊ नये? नव्वद टक्क्यांहून जास्त खटल्यांत शिक्षा होते असे एनआयए सांगते. त्यातल्या किती जणांनी वर्षानुवर्षे जामीन मिळत नाही म्हणून कंटाळून स्वतःच गुन्हा कबूल केला, हेही त्याच तक्त्यात छापावे.

आणि कायद्यात जे आहे ते तरी पाळावे. एनआयए कायदाच म्हणतो की विशेष न्यायालयात खटला रोजच्या रोज चालावा. भिक्कू चौकाचा खटला सतरा वर्षे चालला. तोच कायदा म्हणतो की अपील दोन न्यायमूर्तींसमोर चालावे आणि होता होईल तो तीन महिन्यांत संपावे. सहा मृतांपैकी काहींच्या नातलगांनी सप्टेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयात अपील केले. स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या वकिलाने. मुंबईच्या लोकल खटल्यात निकाल लागल्यावर राज्य सरकार तीन दिवसांच्या आत सर्वोच्च न्यायालयाचा आदेश घेऊन आले होते. दहा दिवसांच्या अंतराने लागलेले दोन निकाल, आणि सरकारची धावपळ एकाच निकालासाठी. मालेगावच्या माणसाला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

भाचा म्हणाला, "मामू, ये सब माँगने से कौन देगा? बंद करो बोलने में कम से कम आवाज तो होती है." त्याचे हे म्हणणे मला खोडता आले नाही. ठाणेदारांचे विधेयकही मंजूर होण्यासाठी नाही, आवाज होण्यासाठीच आहे. आपल्याकडेही खासदाराला खासगी विधेयक मांडता येते. १९७० नंतर एकही खासगी विधेयक मंजूर झालेले नाही, पण मांडलेले विधेयक संसदेच्या दप्तरात राहते आणि सरकारला त्यावर उत्तर द्यावे लागू शकते. आवाजच करायचा तर तो अशा गोष्टीसाठी करू की जी खरोखर मिळाली तर चार घरांत उजेड पडेल. 'बंद करा' ही घोषणा चुकून मान्य झाली तर तिच्या जागी काय येईल, याचा अनुभव टाडा आणि पोटाने आपल्याला दोनदा दिला आहे.

नाशिक जिल्ह्याच्या वाट्याला तीन खासदार आहेत. नाशिकचे राजाभाऊ वाजे, दिंडोरीचे भास्कर भगरे, आणि धुळे मतदारसंघाच्या शोभा बच्छाव, ज्यांच्या मतदारसंघात मालेगाव येते. तिघेही विरोधी बाकांवर बसतात, त्यामुळे सरकारची अडचण होईल अशी सबब त्यांना सांगता येणार नाही. आपली मते या तिघांनीही मागितली होती. विधी आयोगाचा २७७ वा अहवाल हातात घेऊन, त्यातल्या मसुद्यात सरकारी वकिलाचे आणि वार्षिक अहवालाचे कलम घालून, तिघांपैकी एकाने तो लोकसभेत खासगी विधेयक म्हणून मांडावा, असे पत्र मी तयार करत आहे. त्यात 'एनआयए' हा शब्द एकदाच येईल, कारण हा कायदा एटीएसलाही लागू हवा आणि सीबीआयलाही, आणि ज्याला त्याखाली दाद मागायची आहे तो मालेगावचा असो की भोपाळचा, त्याचे नाव कोणते आहे हे त्यात कुठे येता कामा नये.

पत्राचा इंग्रजी मसुदा भाचा करतो आहे. मराठी माझ्याकडे आहे. उर्दूत कोणी करून दिला तर मालेगावात सह्या घ्यायला सोपे जाईल. ज्यांना सही करायची आहे त्यांनी जुम्ह्यानंतर भेटावे, आणि ज्यांना 'बंद करा' हेच बरोबर वाटते त्यांनीही यावे. बसून बोलू.